आत्ता काय म्हणाला तो?

सिनेमा कोणत्याही भाषेतला असो, आमच्या आईचा प्रश्न ठरलेला असतो : "आत्ता काय म्हणाला तो?" मराठी सिनेमा असेल तर उत्तर बाबा देतात. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे उत्तर ते स्वतः रचून देतात आणि ते पुष्कळदा मूळ संवादापेक्षा बरं असतं. पण या पद्धतीने जपानी सिनेमापुढे हात टेकले.

झालं असं, की बाबांना पंचाहत्तरावं लागलं आणि "तुम्हाला काय हवं?" असं विचारल्यावर त्यांनी शाल-श्रीफळ किंवा काशीयात्रा न मागता 'सेव्हन सामुराई' मागितला. अकिरा कुरोसावाचा हा १९५४ सालचा सिनेमा त्यांनी तरुणपणी एका फिल्म सोसायटीत अर्धा पाहिला होता. अर्धाच, कारण सिनेमा २०७ मिनिटांचा आणि बाबांची शेवटची लोकल त्याच्या आधीची. गावावर चाळीस दरोडेखोर चालून येणार, गावकऱ्यांनी भातावर सात सामुराई राखलेले, आणि बाबा उठून स्टेशनाकडे निघाले. "पन्नास वर्षं झाली, ते गाव मी तसंच वाऱ्यावर सोडून आलोय," ते म्हणाले. बाबा रेल्वेत गार्ड होते. काहीही अर्ध्या वाटेत सोडून येणं त्यांच्या जिवाला लागतं.

इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला. कुठून आणला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आत दोन फायली होत्या. एक सिनेमाची, भलीमोठी. दुसरी एसआरटी नावाची, एवढीशी. तिच्यात इंग्रजी सबटायटल्स. आई मराठी शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. पडद्यावर अक्षर दिसलं की ते मोठ्याने आणि स्पष्ट वाचायचं, ही तिची शिस्त. इंग्रजी ती सावकाश वाचते. दोन ओळींपैकी दीड ओळ वाचून झाली की अक्षरं पळतात आणि उरलेल्या अर्ध्या ओळीसाठी तो प्रश्न येतो. म्हणजे प्रश्न रास्तच आहे.

पाचव्या मिनिटाला गावकरी घोळका करून रडत बसले आणि आमच्या लक्षात आलं, की माणूस तोंड उघडायच्या आधीच आई त्याचं बोलणं वाचतेय. बाबांनी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. "बारा सेकंद बिफोर टाइम," ते म्हणाले. भाचा म्हणाला, "आजोबा, सोपं आहे. ही कळ दाबली की अक्षरं ५० मिलिसेकंद उशिरा येतात." बारा सेकंदांसाठी ती कळ दोनशे चाळीस वेळा दाबायची होती. बाबांनी ती जप करावा तशी दाबली. एका मिनिटात माळ पूर्ण झाली, आणि तेवढ्यात अक्षरं आणखी जवळजवळ अडीच सेकंद पुढे निघून गेली होती.

बाबांनी कळ सोडली. "घड्याळ पाच मिनिटं पुढे असणं वेगळं आणि पुढे पळणं वेगळं," त्यांनी निदान केलं. "पुढे असेल तर काटा मागे घ्यायचा. पळत असेल तर घड्याळजीकडे न्यायचं."

निदान अचूक होतं. सिनेमाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात. युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही जुन्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५. मग टीव्हीवर सिनेमा दाखवायचा कसा? तिथल्या लोकांनी फार डोकं चालवलं नाही. सिनेमाच थोडा वेगाने पळवला. चार टक्क्यांचा फरक. नायकाचा आवाज किंचित बारीक होतो, कोणी तक्रार करत नाही. पण २०७ मिनिटांचा कुरोसावा त्या हिशेबाने १९९ मिनिटांत आटोपतो. आमची अक्षरं अशा पळवलेल्या प्रतीसाठी बनवलेली होती आणि सिनेमा आपल्या मूळ चालीने चालला होता. घाईच्या माणसाने निवांत माणसाची पत्रिका लिहावी तसा प्रकार.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. तिथे टीव्ही सेकंदाला ३० चित्रांचा होता. १९५३ साली रंग आले तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी भांडू नये म्हणून त्यांनी वेग एक सहस्रांशाने कमी केला, म्हणजे २९.९७. त्याच न्यायाने २४ चे २३.९७६ झाले. हा फरक ऐकून बाबा हसले, मग त्यांनी २०७ मिनिटांवर हिशेब केला आणि हसायचे थांबले. "बारा सेकंद! बारा सेकंदांत दादरला अख्खा डबा चढतो आणि उतरतो."

आईने मात्र एसआरटी फाईलच उघडून दाखवायला सांगितली. ती फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. आधी अनुक्रमांक, खाली वेळ, त्याखाली संवाद. वेळ अशी लिहिलेली : ००:०५:४१,३०० पासून बाण ००:०५:४४,१०० पर्यंत. आईचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. "सेकंदांनंतर स्वल्पविराम? इथे दशांशचिन्ह हवं." भाच्याने खुलासा केला, की ही पद्धत सबरिप नावाच्या प्रोग्रामने पाडली, तो फ्रान्समध्ये लिहिला गेला, आणि फ्रान्समध्ये दशांशाला स्वल्पविरामच देतात. पुढे वेबसाठी वेबव्हीटीटी आलं तेव्हा टिंब आलं. पण जुन्या पद्धतीत टिंब दिलं तर काही प्लेअर फाईलला ओळखच दाखवत नाहीत. "म्हणजे चूक लिहिलं तरच चालतं," आई म्हणाली. "आमच्या शिक्षण खात्यात असलेच." खात्याचं नाव तिने आणखीही घेतलं, ते इथे देत नाही.

तसंच रेटून आम्ही दोन तास काढले. तोवर अक्षरं जवळजवळ पाच मिनिटं पुढे गेली होती. पडद्यावर एक सामुराई भात खात होता आणि खाली त्याच्या नावाने शोक सुरू होता. "हा जाणार हो," आईने हळहळत जाहीर केलं. बाबांनी लॅपटॉप मिटला. पन्नास वर्षं राखून ठेवलेला मृत्यू असा आगाऊ हाती पडलेला त्यांना सोसवला नाही.

खरं तर अक्षरं चित्रापासून वेगळी निघाली तिथेच ही भानगड सुरू झाली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मजकुराच्या पाट्या होत्या. त्या फिल्मच्या रिळातच. पाटी आधी यायला किंवा मागे राहायला तिला वेगळे पायच नव्हते. बाबांच्या फिल्म सोसायटीतही अक्षरं फिल्मवरच उमटवलेली असत. फिल्म तुटली तर अक्षरंही तुटायची, पण अक्षरं एकटी कधी चुकली नाहीत.

पुढच्या रविवारी भाचा विजयी मुद्रेने आला. त्याने अक्षरांच्या सगळ्या वेळा योग्य त्या पटीत ताणून घेतल्या होत्या आणि अक्षरं सिनेमाच्या फाईलमध्येच बसवली होती. आता एकच फाईल, एमकेव्ही.

"एमकेव्ही म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. इथून पुढचा पाऊण तास सिनेमा बाजूला राहिला.

याला तंत्राच्या भाषेत कंटेनर म्हणतात, आपल्या भाषेत पुडांचा डबा. एका पुडात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात सबटायटल्स. डब्याला आतल्या भाजीच्या चवीशी देणंघेणं नसतं. कोणता घास कोणत्या क्षणी ताटात पडायचा, एवढंच तो बघतो. एमकेव्हीचं पाळण्यातलं नाव मात्रोस्का, बाहुलीच्या पोटात बाहुली असते त्या रशियन बाहुलीवरून. काम २००२ च्या डिसेंबरात सुरू झालं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्यांकडून त्याचा अधिकृत दस्तऐवज निघाला तो २०२४ च्या ऑक्टोबरात. "बावीस वर्षं?" बाबा समाधानाने म्हणाले. "मग आपल्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटला अजून अवकाश आहे."

डब्यातल्या वेळा कशा लिहितात हे कळल्यावर तर ते पुढे सरकून बसले. एमकेव्हीत सिनेमाचे लहान लहान तुकडे गठ्ठ्यांत बांधतात. गठ्ठ्याच्या तोंडाशी पूर्ण वेळ लिहिलेली असते आणि आतल्या प्रत्येक तुकड्यावर फक्त फरक : "गठ्ठा सुटल्यापासून इतक्या मिलिसेकंदांनी". फरकाला जागा १६ बिटांची, म्हणून एरवीच्या मिलिसेकंदाच्या मापाने तो पुढे जास्तीत जास्त ३२.७६७ सेकंद जातो. त्यापलीकडे नवा गठ्ठा. "अगदी आमचं वर्किंग टाइमटेबल!" बाबा म्हणाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटरमधलं काहीतरी आपल्या खात्याचं वाटलं.

मग त्यांनी इतर डब्यांची चौकशी केली आणि ज्याला त्याला शेरा दिला. १९९२ चा एव्हीआय हा डबा चित्रांवर वेळ लिहितच नाही. किती चित्रं झाली ते मोजायचं आणि वेगाने भागायचं. "म्हणजे गार्डाने तारेचे खांब मोजत बसायचं. नापास." टीव्हीच्या प्रक्षेपणात जो एमपीईजी-टीएस वापरतात त्याचं घड्याळ सेकंदाला ९०,००० टोले देतं, पण आकडा ३३ बिटांत मावावा लागतो, म्हणून साधारण साडेसव्वीस तासांनी ते शून्यावर येतं. "चोवीस तासांचा दिवस या लोकांना पुरत नाही का?" आणि एमपी४? एमपी४ चं नाव निघताच सगळे गप्प झाले, कारण ती आमच्या घरातली दुखरी जागा आहे.

भाच्याच्या धाकट्या भावाच्या मुंजीचं चित्रण मेहुण्यांनी हौसेने स्वतः केलं होतं. एमपी४ मध्ये कोणतं चित्र फाईलमध्ये कुठे आहे आणि कधी दाखवायचं याची सगळी यादी एका वेगळ्या कप्प्यात असते. त्याला मूव्ह म्हणतात. कॅमेरा ही यादी बहुतेक वेळा चित्रण संपल्यावर शेवटी लिहितो. मातृभोजन झालं, मंगलाष्टकं झाली, बटूने भिक्षावळीची झोळी पुढे केली आणि कॅमेऱ्याची बॅटरी गेली. फाईल आहे, चांगली तीन-चार जीबीची आहे, उघडत मात्र नाही. मृत्युपत्र न करता गेलेल्या श्रीमंत माणसासारखी इस्टेट सगळी जागेवर. कुठे काय आहे ते सांगणारं कोणी नाही. ताईने ती फाईल अजून पुसू दिलेली नाही.

अखेर सिनेमा सुरू झाला. अक्षरं ओठांबरोबर येत होती. म्हातारा सामुराई एका मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घ्यायला म्हणून डोकं भादरून घेत होता. आईने विचारलं, "आत्ता काय म्हणाला तो?"

भाच्याने ऐटीत दहा सेकंद मागे जायची कळ दाबली. चित्र मागे गेलं. माणूस बोलू लागला, ओठ हलले, जपानी ऐकू आलं. अक्षरं आली नाहीत. पुढचं वाक्य आलं, त्याची अक्षरं आली. आईला हवं होतं तेच वाक्य मुकं गेलं. पुन्हा दहा सेकंद मागे, पुन्हा तेच. भाच्याने फाईल बंद करून उघडली, लॅपटॉप बंद करून चालू केला, चार्जरची पिन काढून फुंकर मारली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत जे जे शिकवतात ते सगळं करून झालं.

कारण समजायला मध्य रेल्वेची जलद लोकल उपयोगी पडते. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक चित्र अख्खं असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त फरक नोंदवतात : भिंत तीच, झाड तेच, घोडा चार बोटं पुढे. म्हणून मधल्या एखाद्या चित्रावर थेट उडी मारता येत नाही. ठाण्याहून जलद गाडीने विद्याविहारला जायचं असेल तर ती तिथे थांबत नाही; घाटकोपरला उतरा आणि धीमी पकडा. प्लेअरही तेच करतो. आधीच्या कीफ्रेमवर उतरतो आणि तिथून गुपचूप हिशेब करत हव्या त्या चित्रापर्यंत येतो.

अक्षरांचं तसं नाही. तिथे पंगतीचा न्याय आहे. एमकेव्हीत एक सबटायटल एकदाच वाढलं जातं, वाक्य सुरू होतं त्या क्षणी. सोबत चिठ्ठी : हे चार सेकंद पानात राहू द्या. वाढपी पुढे जातो. पहिल्यापासून पानावर बसलेल्याला काही अडचण नाही. मसालेभात पडला, तो खातोय. पण तुम्ही उशिरा येऊन मधेच बसलात तर? शेजारच्याच्या पानात भात आहे, वास येतोय, तुमच्या पानात नाही. वाढपी तुमची जागा ओलांडून गेलेला असतो. वाक्य त्या घाटकोपरच्याही आधी सुरू झालं असेल तर प्लेअरच्या दृष्टीने ते कधी बोललंच गेलं नाही.

आईचा प्रश्न, बाबांचा चष्मा आणि भाच्याची कळ यांत सहा-सात सेकंद जात होते. त्यामुळे दहा सेकंद मागची आमची उडी बरोबर त्या वाक्याच्या पोटात पडत होती.

यावर उपाय नाहीत असं नाही. वाढपी कुठे कधी गेला आणि कोणता पदार्थ किती वेळ पानात राहणार, याची नोंद एमकेव्हीच्या अनुक्रमणिकेत करता येते. ती असेल तर प्लेअर तिच्यात पाहून मागचं वाक्य परत आणू शकतो. एमपीव्ही नावाच्या प्लेअरला तर सांगून ठेवता येतं, की उडी मारशील तेव्हा थोडं मागून वाचत ये. एमपी४ ची टाइम्ड टेक्स्टची रीत आणखी पक्की : कोणी बोलत नसेल तिथेही 'काही नाही' असं एक रिकामं सबटायटल ठेवायचं, म्हणजे कुठल्याही क्षणी बसा, त्या क्षणाच्या नावाचा द्रोण पानात आहेच, भरलेला किंवा रिकामा. मुंजीची यादी घालवणाऱ्या एमपी४ बद्दल आमच्या घरात निघालेला हा पहिला बरा शब्द.

भाचा हे सगळं सांगत असताना आईने मधेच हात वर केला. वर्गात ती मुलांना करायला लावायची तसा.

"गेल्या रविवारी मागे गेलं तेव्हा अक्षरं येत होती की नाही?"

येत होती. चुकीच्या वेळी, पण येत होती.

"मग?"

भाच्याने जीभ चावली. वेगळी एसआरटी फाईल जेमतेम शंभर-दीडशे केबीची असते. प्लेअर ती सुरुवातीलाच सगळी वाचून ध्यानात ठेवतो. त्यामुळे तुम्ही कुठेही उडी मारा, त्या क्षणी कोणतं वाक्य चालू आहे हे त्याला पाठ असतं. म्हणजे वेगळी राहत होती तोवर अक्षरं हाकेला ओ देत होती. एका डब्यात आणली आणि वाढप्याच्या फेरीत अडकली.

"मग तिला वेगळंच राहू दे," आई म्हणाली. "शेजारी. हाकेच्या अंतरावर."

भाच्याने दहा मिनिटांत वेळा दुरुस्त केलेली अक्षरं डब्यातून काढली आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवली. नाव मात्र सिनेमाचंच दिलं, कारण फाईलचं नाव एकच असेल तर बहुतेक प्लेअर तिला घरची समजून आपणहून आत घेतात. आडनाव एक, बिऱ्हाड वेगळं. मराठी कुटुंबांनी एकाच मजल्यावर दोन ब्लॉक घेऊन हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे.

तिसऱ्या रविवारी सिनेमा पूर्ण झाला. २०७ मिनिटांच्या सिनेमाला आम्हाला सव्वापाच तास लागले, कारण आता मागे जाणं जमतंय म्हटल्यावर आईने एकही अर्धी ओळ सोडली नाही. मध्यंतराच्या सुमाराला ती एकदा "हा तर आपला शोले!" म्हणाली आणि बाबांनी "शोले १९७५ चा, हा त्याच्या एकवीस वर्षं आधीचा," अशी नोंद करून घेतली. म्हातारा सामुराई कागदावर काढलेल्या दरोडेखोरांच्या खुणा एकेक करून खोडत होता आणि बाबा त्याच्याबरोबर मोजत होते. पावसातली शेवटची लढाई संपली, गावकरी भात लावू लागले, तेव्हा बाबांनी घड्याळ पाहिलं आणि खिशातून शिट्टी काढावी तसा हात नेला. शिट्टी निवृत्तीपासून कपाटात आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रश्न विचारणारी आई असेल तर एवढंच करा. अक्षरांची फाईल वेगळी ठेवा, नाव सिनेमाचंच द्या. आणि फाईल एकत्रच असेल तर दहा नव्हे, तीस सेकंद मागे जा. वाक्य सुरू व्हायच्या आधी पोचलात, तर वाढपी तुमच्याही पानापाशी थांबतो.